ग्रंथालयोपयोग-शिक्षण

महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्याला अभ्यासासाठी लागणारी माहिती कोणत्या साधनांत आढळते, ती कशी शोधावी, तिची विश्वसनीयता कशी पारखावी आणि आपल्या लेखनात तिचा प्रामाणिकपणे उपयोग कसा करावा, यांविषयी शैक्षणिक ग्रंथालयांतून दिले जाणारे शिक्षण. प्रारंभी ‘ग्रंथसूचि-शिक्षण’, पुढे ‘वाचक-शिक्षण’ आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘माहिती-साक्षरता’ अशी नावे त्यास मिळत गेली. नावांबरोबर त्यामागील कल्पनाही पालटल्या. तथापि दोन प्रश्न आरंभापासून आजतागायत कायम राहिले आहेत : पाठ्यपुस्तकाचा व व्याख्यानाचा आधार सुटल्यावर विद्यार्थ्याने ज्ञान मिळवावयाचे कसे, आणि ते शिकविण्याचे काम कोणाचे, प्राध्यापकाचे की ग्रंथपालाचे. या शिक्षणाचा बराचसा इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत घडला.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन महाविद्यालयांतील अध्यापन मुख्यतः घोकंपट्टीवर चाले. नेमलेल्या पुस्तकातील पाठ विद्यार्थ्याने मुखोद्गत करून वर्गात म्हणून दाखवावयाचा, एवढीच अपेक्षा असे. अशा पद्धतीत ग्रंथालयाचे फारसे प्रयोजन नव्हते. बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालये आठवड्यातून थोडे तासच उघडी असत आणि ग्रंथपाल म्हणजे एखादा प्राध्यापकच असून ग्रंथांची राखण हे त्याचे जादा काम समजले जाई. विद्यार्थ्यांच्या वादसभांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेली छोटी ग्रंथालये त्या मानाने अधिक वापरात होती. रॅल्फ वॉल्डो एमर्सन (१८०३–८२) याने १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात महाविद्यालये ग्रंथांचा मोठा साठा तर पुरवितात, परंतु त्यांतून वाट दाखविणारा ‘ग्रंथांचा प्राध्यापक’ मात्र नेमत नाहीत, अशी तक्रार केली. या शिक्षणाची कल्पना तेथून मांडली जाऊ लागली, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत परिस्थिती पालटली. जर्मन विद्यापीठांत शिकून आलेल्या अमेरिकन अध्यापकांनी परिसंवाद-पद्धती आणली. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तिचा पाया पक्का केला. या पद्धतीत विद्यार्थ्याने मूळ साधने स्वतः तपासून निबंध लिहावयाचा असल्याने ग्रंथालय हे प्रयोगशाळेसारखे झाले. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली. मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) याने, ग्रंथालय ही शाळा व ग्रंथपाल हा शिक्षक मानण्याची वेळ आली आहे, असे त्या वर्षी लिहिले. सॅम्युएल स्वेट ग्रीन याने ग्रंथपालाने वाचकाशी प्रत्यक्ष बोलून त्याला साहाय्य करावे, असे प्रतिपादन करून संदर्भसेवेची दिशा दाखविली. संघराज्याच्या शिक्षण कार्यालयाने १८७६ मध्येच काढलेल्या ग्रंथालयविषयक प्रचंड अहवालात ‘ग्रंथ व वाचन यांच्या अध्यासना’वर स्वतंत्र प्रकरण होते.

कल्पना मांडणारे पुष्कळ होते. ती अमलात आणणारे थोडे. त्यांत रॉचेस्टर विद्यापीठातील गणिताचा प्राध्यापक व ग्रंथपाल ओटिस हॉल रॉबिन्सन याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. शनिवारी सकाळी तो ग्रंथालयात विद्यार्थ्यांमध्ये वावरे आणि ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याची साधने त्याच्यासमवेत कपाटांतून व सूचींतून शोधी. विद्यार्थ्याला ग्रंथ काढून देण्यापेक्षा तो कसा काढावा हे दाखविणे महत्त्वाचे, ही त्याची दृष्टी होती. हार्व्हर्डचा ग्रंथपाल जस्टिन विन्सर (१८३१–९७) आणि रॉबिन्सन यांचे अध्यापनास पूरक अशा महाविद्यालयीन ग्रंथालयांवरील लेखन शिक्षण कार्यालयाने १८८० मध्ये पत्रकरूपाने प्रसिद्ध केले. मिशिगन विद्यापीठाचा ग्रंथपाल रेमंड डेव्हिस याने १८७९ पासून नवागत विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने सुरू केली व लवकरच त्यांतून ग्रंथसूचिशास्त्राचा श्रेयांक असलेला अभ्यासक्रम सिद्ध केला. ओहायओ राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयात अझारायाह रूट याने १८९९ पासून असे अभ्यासक्रम सातत्याने चालविले. रूट १८८७ ते १९२७ अशी चाळीस वर्षे त्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. एवढ्या दीर्घ काळ एकाच व्यक्तीने केलेले हे कार्य पुढील पिढीत सहसा आढळत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्यार्थिसंख्या व ग्रंथसंख्या दोन्ही झपाट्याने वाढल्या आणि रॉबिन्सनसारखा व्यक्तिगत परिचय अशक्य झाला. त्याच्या जागी नवागतांची ग्रंथालयातून एक फेरी आणि इंग्रजी निबंधलेखनाच्या वर्गात ग्रंथपालाचा एक तास, अशी पद्धत रूढ झाली. तालिकापत्र कसे वाचावे, वर्गांकाचा अर्थ काय, नियतकालिकांची निर्देशसूची कशी पाहावी, एवढे त्या तासात सांगितले जाई. विद्यार्थ्यापुढे त्या क्षणी कोणताही प्रश्न नसल्याने ऐकलेले लवकरच विसरले जाई. हा दोष ग्रंथपालांना ठाऊक नव्हता असे नाही. पण सोयीची पद्धत सदोष ठरली तरी सहसा सुटत नाही आणि हा एकच तास आजही अनेक ठिकाणी चालू आहे.

या गतानुगतिकतेला अपवाद ठरलेले काही प्रयत्न १९३० नंतरच्या दशकात झाले. मिसूरी राज्यातील स्टीव्हन्स या स्त्रियांच्या महाविद्यालयात बी. लमार जॉन्सन याच्याकडे अधिष्ठाता व ग्रंथपाल ही दोन्ही पदे एकत्र दिली गेली. त्यामुळे अध्यापनाची आखणी व ग्रंथालयाची आखणी एकाच हाताने झाली. वर्गांच्या खोल्यांतून ग्रंथ ठेवले गेले आणि शिक्षक ग्रंथालयात बसू लागले. लुई शोअर्स याने याही पुढे जाऊन ‘ग्रंथालय-महाविद्यालया’ची कल्पना मांडली (१९३५). वर्गातील व्याख्याने गौण करावीत, विद्यार्थ्याने ग्रंथालयात स्वतंत्र अभ्यास करावा आणि प्राध्यापक व ग्रंथपाल हा भेदच नाहीसा व्हावा, असे ते स्वप्न होते. ते पूर्णांशाने कोठेही साकार झाले नाही. हार्व्ही ब्रॅन्सकम याने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दाखवून दिले, की महाविद्यालये ग्रंथांवर मोठा खर्च करीत असली, तरी बहुतेक विद्यार्थी नेमून दिलेल्या वाचनापलीकडे ग्रंथालयाकडे क्वचितच वळतात. दोष ग्रंथालयाच्या तांत्रिक व्यवस्थेत नसून अध्यापनपद्धतीत आहे, हा त्याचा निष्कर्ष होता.

माँटीथ व अर्लम : डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठाच्या माँटीथ महाविद्यालयात पॅट्रिशिया नॅप हिने १९६०–६२ या काळात केलेला प्रयोग या इतिहासातील सर्वांत विचारपूर्ण मानला जातो. नॅपची भूमिका अशी, की ग्रंथालय वापरणे हे सुट्या क्लृप्त्यांचे ज्ञान नव्हे. प्रत्येक विद्याशाखेचे ज्ञान लेखनात कसे संघटित होते, एका विद्वानाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनाशी कसे जोडलेले असते, याची जाण विद्यार्थ्याला आली, तरच सूची व तालिका यांना अर्थ येतो. या जाणिवेसाठी एक व्याख्यान पुरत नाही. तिने चारही वर्षांच्या अभ्यासक्रमात क्रमाने अधिक कठीण होत जाणारे ग्रंथालयीन स्वाध्याय गुंफण्याची योजना आखली. प्रयोग प्राथमिक टप्प्यापुढे गेला नाही. प्राध्यापकांना आपला विषय पुरा करण्याची घाई होती, ग्रंथालयीन स्वाध्याय त्यांना उपरे वाटत. आणि जे काम प्राध्यापकाला महत्त्वाचे वाटत नाही ते विद्यार्थ्यालाही वाटत नाही, हे नॅपला दिसून आले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिने हे अपयश मोकळेपणाने नोंदविले. यशाच्या अहवालांनी भरलेल्या या क्षेत्रात तो ग्रंथ आजही उपयोगी पडतो, तो यामुळेच.

नॅपला मोठ्या विद्यापीठात जे साधले नाही, ते इंडियाना राज्यातील रिचमंड येथील अर्लम या क्वेकरपंथीय लहान महाविद्यालयात इव्हान फार्बर याने साधले. तो १९६२ ते १९९४ पर्यंत तेथे ग्रंथपाल होता. त्याची पद्धत साधी होती. प्राध्यापकाने एखादा निबंध नेमून दिला, की ग्रंथपाल त्याच वर्गात जाऊन त्याच निबंधासाठी लागणारी साधने टिपणांसह समजावून सांगे. पुढच्या वर्षी दुसऱ्या विषयात त्याहून वरच्या पायरीची साधने येत. निबंध करावयाचाच असल्याने विद्यार्थी लक्ष देई आणि निबंध सुधारलेले दिसल्याने प्राध्यापकाचाही विरोध मावळे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने ग्रंथसंख्येत विद्यापीठाशी स्पर्धा करण्याचा हव्यास सोडावा व अध्यापनाशी जोडून घ्यावे, असे फार्बर आग्रहाने मांडी. लहान महाविद्यालय, ग्रंथपालाची दीर्घ कारकीर्द आणि प्राध्यापकांशी जुळलेले सौहार्द या तीन गोष्टी अर्लममध्ये एकत्र आल्या होत्या. म्हणून त्या पद्धतीचे अनुकरण पुष्कळांनी केले, तरी तसे यश थोड्यांनाच लाभले.

दरम्यान विद्यार्थिवर्गाचे स्वरूप बदलत होते. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेले नव्हते, अशा तरुणांसाठी विद्यापीठांचे दरवाजे उघडू लागले. लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मिरियम डडली हिने १९७० च्या सुमारास मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या गतीने सोडवावयाची स्वाध्यायपुस्तिका तयार केली. प्रत्येक धड्याखाली ग्रंथालयातील एखादे साधन प्रत्यक्ष उघडूनच उत्तर देता येईल असा प्रश्न असे. अशा पुस्तिका पुढे अनेक विद्यापीठांनी स्वीकारल्या. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात १९७१ मध्ये या विषयावर परिषद भरली आणि पुढील वर्षी ‘लोएक्स’ हे शैक्षणिक सामग्रीच्या देवाणघेवाणीचे केंद्र निघाले. महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेत १९७७ मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

विद्यार्थ्याच्या मनात काय चालते, याकडे मात्र बराच काळ कोणाचे लक्ष नव्हते. कॉन्स्टन्स मेलन हिने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ती उणीव भरून काढली. निबंधलेखनाच्या वर्गांतील सु. ६,००० विद्यार्थ्यांनी शोध घेताना ठेवलेल्या रोजनिशींचे तिने दोन वर्षे परिशीलन केले. ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाविषयीची आपली पहिली प्रतिक्रिया भीतीच्या भाषेत व्यक्त केली होती. इमारतीचा विस्तार, कोणती वस्तू कोठे आहे याचे अज्ञान, सुरुवात कोठून करावी व पुढे काय करावे हे न उमगणे, अशी त्या भीतीची कारणे होती. इतरांना हे सारे येते, आपल्यालाच येत नाही, ही उणीव लाजिरवाणी आहे आणि प्रश्न विचारला तर ती उघडी पडेल, असे विद्यार्थ्यांना वाटत होते. अर्थात ज्याला मदतीची सर्वाधिक गरज तोच संदर्भविभागाकडे फिरकत नव्हता. ‘ग्रंथालय-भय’ ही संज्ञा या अभ्यासातून रूढ झाली. अशी भीती वाटणे सार्वत्रिक आहे असे आरंभीच सांगितले, तरी ती बरीच ओसरते, असे पुढे वर्गांतून दिसून आले. कॅरल कुल्थाऊ हिनेही १९८० नंतरच्या संशोधनात दाखविले, की विषय निवडल्यानंतर वाचन सुरू होते तेव्हा विद्यार्थ्याचा गोंधळ कमी न होता वाढतो. ही शोधप्रक्रियेतील स्वाभाविक अवस्था आहे. ती न समजल्याने पुष्कळ जण तेथेच शोध सोडून देतात.

माहिती-साक्षरता : ‘माहिती-साक्षर’ हा शब्दप्रयोग १९७४ मध्ये पॉल झुरकोव्हस्की याने रूढ केला. तो माहिती-उद्योगातील व्यावसायिकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रंथपालांचा हा परवलीचा शब्द मूळचा बाजारपेठेतून आलेला आहे. संगणकीय माहितीसंचयांचा व्यापार वाढावयाचा, तर ती वापरू शकणारे कुशल कर्मचारी हवेत, असा त्याचा आशय होता. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९८७ मध्ये पॅट्रिशिया ब्रायव्हिक हिच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८९ च्या अहवालात त्यास नागरी आशय दिला. माहितीची गरज केव्हा आहे हे ओळखून ती शोधणे, पारखणे व परिणामकारकपणे वापरणे, अशी व्याख्या या समितीने केली आणि ही क्षमता लोकशाहीतील प्रत्येक नागरिकाला हवी, असे सांगितले.

पुढील दशकात मानके ठरविण्याचे युग आले. ब्रिटनमधील विद्यापीठ-ग्रंथालयांच्या संघटनेने १९९९ मध्ये ‘सात स्तंभां’ची मांडणी केली. अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने जानेवारी २००० मध्ये ५ मानके, २२ निर्देशक व ८७ फलिते मान्य केली. अधिस्वीकृतीच्या कामी ती सोयीची ठरली. परंतु ८७ फलितांच्या यादीने शिक्षणाला नोंदवहीचे रूप आले, अशी टीका झाली. जेम्स एल्मबोर्ग याच्यासारख्या टीकाकारांनी पाउलू फ्रेइरे या ब्राझिलियन शिक्षणतज्ञाच्या विचारांचा आधार घेऊन, कोणते ज्ञान ग्रंथालयात पोहोचते व कोणते वगळले जाते हेही विद्यार्थ्याने विचारले पाहिजे, असा पक्ष मांडला. अखेर २०१६ मध्ये जुनी मानके रद्द होऊन त्यांच्या जागी सहा मूलकल्पनांचा आराखडा स्वीकारला गेला. अधिकार हा संदर्भसापेक्ष असतो, विद्वत्ता हा एक संवाद आहे, शोध हा प्रश्नांतून प्रश्न काढीत जातो, इत्यादी कल्पना त्यात आहेत. नॅपने पन्नास वर्षांपूर्वी जे सांगितले होते, त्याच्याशी त्यांचे साम्य स्पष्ट आहे.

आंतरजालामुळे कामाचा रोख शोधण्यावरून पारखण्याकडे वळला. संकेतस्थळ अद्ययावत आहे का, लेखकाचे नाव आहे का, अशा प्रश्नांच्या याद्या विद्यार्थ्यांना दिल्या जाऊ लागल्या. परंतु स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सेरा मॅग्रू यांच्या २०१७ मधील अभ्यासात १० इतिहासज्ञ, वृत्तपत्रसृष्टीतील १० तथ्यपडताळणीकार व २५ विद्यार्थी यांना तीच संकेतस्थळे दाखविली असता इतिहासज्ञ व विद्यार्थी भारदस्त नावे व बोधचिन्हे यांना अनेकदा फसले. तथ्यपडताळणीकार मात्र ते पान लगेच सोडून इतरत्र त्याविषयी काय लिहिले आहे ते पाहत व लवकर खऱ्या निर्णयाला येत. पानाच्या अंतरंगात शिरून बारकाईने वाचणे हा विद्वत्तेचा जुना गुण येथे अपुरा पडला. २०२२ च्या अखेरीस सर्वांसाठी खुल्या झालेल्या लेखननिर्मितीच्या संगणकीय प्रणालींनी आणखी एक अडचण निर्माण केली. त्या कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ देतात. नियतकालिकाचे नाव खरे, लेखकही खरा, लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नसतो. असे लेख मिळवून द्यावेत, अशा मागण्या ग्रंथपालांकडे येऊ लागल्या आहेत.

भारत : भारतात या क्षेत्राचा पहिला अध्याय ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले व पुढील वर्षी तेथे प्रशिक्षणवर्ग निघाला. लाहोर येथे पंजाब विद्यापीठात एसा डिकिन्सन याने १९१५ मध्ये असाच वर्ग चालविला. विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम एस्. आर्. रंगनाथन् (१८९२–१९७२) यांनी केला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताची अध्यापकी सोडून ते १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. रॉबिन्सनप्रमाणेच हेही गणिताचेच अध्यापक, हा योगायोग मोठा लक्षणीय आहे. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांच्या पंचसूत्रीतील (१९३१) चौथे सूत्र. संदर्भसेवेच्या प्रकारांत त्यांनी ‘नवागतांची दीक्षा’ हा स्वतंत्र प्रकार मानला. शाळेत ग्रंथालय न पाहिलेला विद्यार्थी महाविद्यालयात एकाएकी हजारो ग्रंथांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याची भांबावलेली अवस्था ओळखून त्याला कपाटांची मांडणी, वर्गीकरण व तालिका यांची ओळख प्रत्यक्ष फिरवून करून द्यावी, असे त्यांचे सांगणे होते. मेलनचा अभ्यास होण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्यांनी हे लिहिले आहे. ग्रंथांची मुक्तद्वार पद्धती ही त्यांच्या मते या दीक्षेची पूर्वअट होती.

ही पूर्वअटच अनेक भारतीय महाविद्यालयांत दीर्घकाळ पुरी झाली नाही. चिठ्ठीवर नाव लिहून द्यावे आणि सेवकाने आतून पुस्तक आणून द्यावे, या पद्धतीत विद्यार्थ्याला कपाट दिसतच नाही. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ग्रंथपालाच्या अंगावर येण्याची धास्ती हे तिचे एक कारण होय. दुसरे कारण परीक्षापद्धती. नेमलेली पुस्तके, वर्गातील टिपणे व बाजारातील मार्गदर्शके यांवर उत्तीर्ण होता येत असेल, तर सूची पाहण्याची गरज विद्यार्थ्याला वाटण्याचे कारण नाही. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) ग्रंथालय हे विद्यापीठाच्या सर्व कार्याचे हृदय मानले व बहुतेक ग्रंथालयांच्या दुरवस्थेबद्दल खेद व्यक्त केला. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९५७ मध्ये रंगनाथन् यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. त्यानंतर इमारती व ग्रंथसंग्रह वाढले. दीक्षेचा भाग मात्र बव्हंशी सत्रारंभीच्या एका परिचयतासापुरता उरला. पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम मंडळाने २०१९ मध्ये आवश्यक केला. वाङ्‌मयचौर्य, बनावट नियतकालिके, माहितीसंचयांचा वापर हे विषय त्यात येतात. पदवीपूर्व विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर आहे.

प्रादेशिक भाषांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. वर दिलेल्या बहुतेक शिक्षणसामग्रीत इंग्रजी निर्देशसूची गृहीत धरलेल्या असतात. मराठी विषयाच्या अभ्यासकाला शंकर गणेश दाते यांची, १८०० ते १९३७ व १९३८ ते १९५० या काळांतील मुद्रित ग्रंथांची नोंद करणारी मराठी ग्रंथसूची दोन खंडांत उपलब्ध आहे. एकट्याच्या चिकाटीतून उभे राहिलेले ते साधन वर्गीकृत आहे. त्यामुळे विषय कोणत्या वर्गांकाखाली पडतो, हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला ते हाती घेऊनही काही सापडत नाही.